शेजारच्या भिंतीपलीकडचा आवाज

आमच्या वाड्यात रेडिओ एकच होता आणि तो अण्णांचा होता. २२ मे १९५५ रोजी इंदूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले तेव्हा मी आठ वर्षांची होते. रेडिओ अण्णांच्या माजघरातल्या फडताळावर, पण ऐकणारा सगळा चौक. संध्याकाळी अण्णा बटण फिरवीत, काचेमागे पिवळा दिवा लागे आणि आतले व्हॉल्व्ह तापून आवाज येईपर्यंत आम्ही मुले श्वास रोखून बसत असू. मग नंदाजी आणि भेराजी माळवीत बोलू लागत. खत, बियाणे, पाऊसपाणी असे त्यांचे विषय. आमच्यापैकी कोणी कधी नांगराला हात लावलेला नव्हता. तरीही बायका निवडायचे तांदूळ घेऊन ओसरीवर येत, कारण ते दोघे आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यासारखे बोलत. दिल्लीच्या बातम्या लागल्या की चौक आदबीने ऐके आणि हळूहळू पांगे. नंदाजी-भेराजी लागले की चौक त्यांना उत्तरे देई.

ही आठवण इतक्या वर्षांनी वर आली ती पार आफ्रिकेत, नैरोबी शहरात. २०१९ साली मुलीकडे तीन महिने राहण्याचा योग आला. तिच्याकडे कामाला येणाऱ्या बाईने पहिल्याच दिवशी मला "मामा" अशी हाक मारली, आणि मी चपापलेच! आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई. तिकडे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात, जशी आमच्या वाड्यात "बंडूची आई" असे. त्यामुळे या बाईचे स्वतःचे नाव मला शेवटपर्यंत कळले नाही, आणि त्यावाचून आमचे काही अडलेही नाही. भाजी चिरताना ती स्वयंपाकघरातला छोटा रेडिओ लावी, आणि तिचे-माझे जे काही बोलणे झाले ते त्या रेडिओमुळे झाले. तिचे इंग्रजी माझ्याइतकेच तोकडे होते. जिथे दोघींचेही अडे तिथे मुलगी मदतीला येई.

ती किबेरात राहते. नैरोबीच्या मध्यभागापासून पाच-सहा किलोमीटरांवरची ही मोठी झोपडवस्ती. ब्रिटिशांच्या फौजेतून निवृत्त झालेल्या नूबी शिपायांना १९०४ च्या सुमारास इथे जंगलात जागा मिळाली, आणि त्यांच्या भाषेतल्या जंगल या अर्थाच्या "किब्रा" शब्दावरून नाव पडले. जमिनीचे कागद मात्र त्यांच्या हाती कधी नीट आले नाहीत. पुढे शहर वाढत गेले आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून पोट भरायला आलेली माणसे येथे खोल्या भाड्याने घेऊन राहू लागली. मातीच्या भिंती, वर पत्रा, एका खोलीत एक कुटुंब. पाणी नळावरून वीस लिटरच्या डब्याने विकत घ्यायचे. वस्तीतून रेल्वेचा रूळ जातो. त्या लोहमार्गाच्या बांधणीत १८९६ ते १९०१ या काळात आपल्याकडून नेलेले हजारो मजूर राबले होते, हे मला तिथे गेल्यावर समजले. वस्तीत माणसे किती, यावर वाद आहे. कोणी दहा लाख सांगत. २००९ च्या शिरगणतीत आकडा निघाला सुमारे १ लाख ७० हजार. आकडा कोणताही धरा, भिंतीला भिंत आणि पत्र्याला पत्रा लागून माणसे राहतात, आणि एकाच्या घरातला रेडिओ चौघांच्या घरात ऐकू येतो. ती हे सांगू लागली तेव्हा मला अण्णांचा चौक आठवला.

२७ डिसेंबर २००७ रोजी केनियात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. ३० डिसेंबरला मवाई किबाकी विजयी झाल्याचे जाहीर झाले. त्यांचे प्रतिस्पर्धी रायला ओडिंगा यांच्या पक्षाने मतमोजणीत लबाडी झाल्याचा आरोप केला, आणि देश पेटला. ओडिंगा हे ज्या लांगाटा मतदारसंघाचे खासदार होते त्यातच किबेरा मोडत असे. किबाकी किकुयू जमातीचे, ओडिंगा लुओ जमातीचे. किबेरात दोन्ही जमातींची आणि शिवाय लुह्या, नूबी, कांबा अशी सगळीच माणसे एका नळावर पाणी भरणारी. त्यात खोल्यांचे मालक बहुधा किकुयू किंवा नूबी आणि भाडेकरू बहुधा लुओ किंवा लुह्या. भाड्यावरून २००१ च्या अखेरीस एकदा रक्त सांडून झालेलेच होते. आता निवडणुकीच्या निमित्ताने सगळे जुने हिशेब निघाले. शेजारचा टोई बाजार जळून खाक झाला. लोकांनी रेल्वेचे रूळ उखडले. देशभरात अकराशेहून अधिक माणसे मेली आणि लाखो परागंदा झाली. २८ फेब्रुवारी २००८ रोजी कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने दोन्ही नेत्यांत समझोता झाला तेव्हा कोठे देश शांत झाला.

या दंगलीची चौकशी करणाऱ्या वाकी आयोगाने नभोवाणीकडेही बोट दाखवले. जमातींच्या भाषांत बोलणाऱ्या काही केंद्रांवरून द्वेष पसरवला गेला, असे त्याच्या अहवालात नमूद आहे. अशा एका केंद्राच्या निवेदकावर हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटलाही चालला. एप्रिल २०१६ मध्ये न्यायाधीशांनी बहुमताने तो पुराव्याअभावी थांबवला. तेव्हा एखाद्या माणसाला दोष देणे सोपे नाही. पण नभोवाणीच्या अंगी आग लावण्याची शक्ती आहे, याविषयी तिथे कोणाला शंका उरली नाही.

याच नभोवाणीची दुसरी बाजूही त्याच वस्त्यांत होती. कोरोगोचो नावाच्या वस्तीत तरुणांनी २००६ साली एका जहाजी मालाच्या लोखंडी पेटीत "कोच एफ. एम." हे चिमुकले केंद्र सुरू केले. किबेरात २००७ साली "पमोजा एफ. एम." सुरू झाले. पमोजा म्हणजे एकत्र. बोलणारी मुले वस्तीतलीच आणि निरनिराळ्या जमातींची. भाषा स्वाहिली आणि तिच्यात इंग्रजी मिसळून झालेली रस्त्यावरची "शेंग". म्हणजे कोणा एका जमातीची नव्हे, सगळ्या पोरांची. प्रक्षेपणाची ताकद एवढी थोडी की आवाज वस्तीच्या फार बाहेर जात नाही. मला आधी हे उणे वाटले. पुढे कळले की सगळी खुबी तिथेच आहे.

एके दिवशी मी तिला सरळ विचारले, "त्या दिवसांत रेडिओवर शांततेचे सांगत होते. लोक ऐकत होते का?"

ती हसली. "मोठी माणसे टीव्हीवर शांतता सांगत होती. आम्हाला हसू येत होते, मामा. त्यांच्या घराभोवती भिंत आहे, बाहेर पहारेकरी आहे. त्यांना शांतता ठेवायला काय पडते?"

"आणि वस्तीतले केंद्र?"

ती सुरी खाली ठेवून थांबली. तिने जे सांगितले ते असे. तिच्या खोलीच्या पलीकडच्या खोलीत एक किकुयू शिवणवाली राहत असे. ही स्वतः लुह्या. गल्लीतली पोरे रात्री फिरून दारे मोजून जात होती. वस्तीच्या रेडिओवर त्या रात्री जो मुलगा बोलत होता, त्याची आई त्याच गल्लीच्या तोंडाशी पालेभाजी विकायला बसे. तो मुलगा उपदेश करीत नव्हता. कोणत्या बाजूचा नळ चालू आहे, दवाखान्याकडे जाणारी कोणती वाट मोकळी आहे, कोणाचे मूल हरवले आहे आणि ते कोणत्या चर्चमध्ये बसले आहे, हे तो सांगत होता. मधूनच म्हणे, "ज्याचे दार तुम्ही आज मोडाल, त्याच्या दुकानातून उद्या पीठ घ्यायचे आहे."

"मला वाटले," ती म्हणाली, "याची आई हे ऐकते आहे. हा खोटे कसे बोलेल?"

आणि मग तिने जे सांगितले ते मी अजून विसरलेले नाही. तोच आवाज तिला डावीकडच्या खोलीतून येत होता, उजवीकडच्या खोलीतून येत होता, समोरच्या दारातूनही येत होता. "कोणीही बंद केला नाही. मला वाटत होते, माझ्या गल्लीत सगळेच तिला हाकलायला बसले आहेत आणि मी एकटीच वेडी आहे. पण कोणी बंद केला नाही, मामा."

त्या रात्री शिवणवाली मुलांना घेऊन नातेवाइकांकडे निघून गेली. तिचे शिवणयंत्र हिने आपल्या खोलीत आणून पलंगाखाली ठेवले, आणि विचारायला आलेल्या पोरांना "ते माझे आहे" म्हणून सांगितले. पलीकडची म्हातारी दारात येऊन म्हणाली, "हो, तिचेच आहे." दोन महिन्यांनी शिवणवाली आली आणि यंत्र घेऊन गेली. परत राहायला मात्र आली नाही.

शांततेचा संदेश लोकांपर्यंत पोचतो म्हणजे काय होते, हे मला त्या शिवणयंत्रावरून जेवढे कळले तेवढे कशावरूनही कळले नसते. त्या बाईचे मन रेडिओने बदलले नाही. तिचे मन आधीपासून ठिकाणावरच होते. रेडिओने तिला एवढेच कळवले की ती एकटी नाही.

विद्वानांनीही याचा छडा लावला आहे, आणि तो लागला केनियाच्या जवळच्याच रुआंडा देशात. जुलै १९९३ मध्ये तिथे सुरू झालेल्या "आर. टी. एल. एम." या केंद्राने तुत्सी जमातीला झुरळे म्हणून हिणवीत १९९४ च्या वंशसंहाराला चिथावणी दिली. सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे कापली गेली. २००३ साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या केंद्राच्या दोघा संस्थापकांना दोषी ठरवले. त्याच देशात २००४ पासून "मुसेकेवेया", म्हणजे नवी पहाट, या नावाची एक नभोनाट्यमाला सुरू झाली. दोन टेकड्यांवरची दोन गावे, जमिनीवरून वैर, आणि त्या वैरापलीकडे जाऊ पाहणारी तरुण माणसे अशी तिची कथा. एलिझाबेथ लेव्ही पलक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षभर काही गटांना ही माला ऐकवली, आणि दुसऱ्या गटांना आरोग्यविषयक नभोनाट्य ऐकवले. वर्षअखेर पाहिले तर माला ऐकणाऱ्यांची खाजगी मते फारशी बदललेली नव्हती. बदलली होती ती आपल्या भोवतालची माणसे कसे वागणे योग्य मानतात याविषयीची त्यांची समजूत. आणि तिच्याबरोबर त्यांचे वागणेही.

त्यांच्या परीक्षेची एक गोष्ट तर आपल्या वाड्याला शोभेल अशी आहे. निरोप घेताना प्रत्येक गटाला ध्वनिफितींचा एक संच आणि ते वाजवण्याचे यंत्र भेट दिले. ते कोणी सांभाळायचे, हे गटाने ठरवायचे होते. आरोग्याचे नाटक ऐकलेले गट बहुधा "गावच्या अधिकाऱ्याकडे द्या" म्हणून मोकळे झाले. "मुसेकेवेया" ऐकलेले गट मात्र आधी भांडले, एकमेकांना खोडून काढू लागले, आणि मग आपणच मिळून सांभाळू असे ठरवू लागले. शांतता शिकलेली माणसे गप्प बसली नाहीत, उलट जास्त बोलू लागली! २००९ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

तेव्हा माणसांना रेडिओपुढे बसवा आणि बोलते करा म्हणजे झाले, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. याच बाईंनी पूर्व काँगोत दुसरा प्रयोग केला. तिथे एका नभोनाट्याला काही भागांत चर्चेच्या कार्यक्रमाची जोड दिलेली होती. चर्चा ऐकणारी माणसे खरोखरच जास्त बोलू लागली. पण ती बोलली आपापल्या जुन्या दुखण्यांविषयी, आणि दुसऱ्यांविषयी अधिकच कडवट झाली. त्यांना मिठाची पिशवी भेट दिली आणि त्यातले थोडे आपल्याला न आवडणाऱ्या जमातीला द्याल का म्हणून विचारले, तेव्हा चर्चा ऐकणाऱ्यांचे हात अधिक आखडले. २०१० साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आपल्याकडे ज्याचे मीठ खाल्ले त्याला जागावे म्हणतात. तिथे मीठ देण्यापूर्वीच दार लागले. नुसते बोलणे म्हणजे औषध नव्हे, एवढे यातून दिसते.

मग बोलणे केव्हा कामाला येते? याचे एक उत्तर मला आपल्याच जुन्या अनुभवात दिसते. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे मराठी गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे बसवली होती. आठवड्यातून दोनदा, एकंदर वीस कार्यक्रम. ऐका, चर्चा करा आणि करून दाखवा, असे सूत्र. कार्यक्रम संपला की मंडळातली वीसेक माणसे त्यावर बोलत. प्रश्न पुण्याला कळवत. आणि उत्तर पुढे रेडिओवर येई. म्हणजे बोलण्याला खालून वर जाण्याची वाट होती, आणि बोलण्याच्या शेवटी विहीर, खत, कोंबड्या असे काही हातांनी करायचे होते. भांडणाला काम मिळाले की त्याचा विचारविनिमय होतो. काम न मिळाले तर ते भांडणच राहते.

किबेरातल्या बाईला मी ही पुण्याची गोष्ट सांगितली. तिला ती पटली, पण तिने लगेच एक कुरबूर पुढे केली. २०१३ च्या निवडणुकीच्या वेळी म्हणे जिकडे तिकडे शांतता. रेडिओवर शांतता, टीव्हीवर शांतता, चर्चमध्ये शांतता. दंगलीच्या दिवसांत सोलो सेव्हन या टोपणनावाच्या वस्तीतल्या चित्रकाराने भिंती आणि पत्रे शांततेच्या आवाहनांनी रंगवले होते, ते तिला आवडले होते. तो वस्तीतला, रंगाचा डबा घेऊन स्वतः फिरणारा. पण २०१३ ची शांतता तिला टोचली. "मतांचा हिशेब विचारला की शांत राहा. भाडे का वाढले म्हणून विचारले की शांत राहा. शांतता म्हणजे गप्प बसणे का, मामा?" त्या निवडणुकीत वृत्तपत्रांनी आणि नभोवाणीने शांततेच्या नावाखाली अवघड प्रश्न विचारायचे टाळले, अशी टीका केनियातल्या जाणत्या मंडळींनीही केली आहे. आणि शांततेचा एवढा जप होऊनही २०१७ च्या निवडणुकीनंतर याच वस्त्यांत पुन्हा रक्त सांडले.

म्हणून मला वाटते की गरीब वस्तीतला श्रोता भोळा नसतो. तो संदेशाच्या आधी सांगणाऱ्याला तोलतो. हा कोठे राहतो? पाणी नव्हते तेव्हा हा बोलला होता का? याची आई कोठे बसते? रोजच्या दिवशी नळ, गटार, भाडे, हरवलेली मुले यांविषयी ज्याने तोंड उघडले, त्यालाच वाईट दिवशी शांततेविषयी तोंड उघडण्याचा हक्क असतो. एरवीचे दिवस गप्प राहून दंगलीच्या दिवशी शांतता सांगणारा आवाज भिंतीला आपटून परत जातो.

इथपर्यंत मी दुसऱ्यांविषयी लिहिले. आता आपल्याविषयी लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

३१ ऑक्टोबर १९८४. इंदिराजींवर गोळ्या झाडल्याचे वाड्यात कोणी बी. बी. सी.वर ऐकले, त्या गेल्याचे आकाशवाणीने संध्याकाळी सांगितले. मी सदतीस वर्षांची होते, शाळेत शिकवत होते. आमच्या वाड्यासमोर एका सरदारजींचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. अण्णांच्या रेडिओचे व्हॉल्व्ह बदलणारे तेच, आणि आमचा ट्रान्झिस्टर दोनदा जिवंत करणारेही तेच. "बेटी, अजून दहा वर्षे चालेल," म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला होता. त्या दिवसांत इंदुरातही शिखांची दुकाने जळाली. आमच्या गल्लीत दहा-पंधरा पोरे आली. त्यांतली निम्मी ओळखीची होती. दोघे तर माझ्या वर्गात बसून गेलेले होते. सरदारजी मुलाबाळांसह आधीच गुरुद्वाऱ्यात गेले होते म्हणून वाचले. दुकान वाचले नाही.

आम्ही वाड्यात तीसेक मोठी माणसे होतो. दिंडीदरवाजा लावलेला. माडीवर ट्रान्झिस्टर चालू होता, आणि त्यावर शांततेचे, संयमाचे आवाहन होत होते. ते आम्ही ऐकत होतो आणि माना डोलवत होतो. ज्यांनी तो ट्रान्झिस्टर दुरुस्त केला त्यांचे दुकान खाली जळत होते. आठवड्याभराने बोलणी निघाली तेव्हा काका म्हणाले, "कोणी एक जण उतरला असता तर मीही उतरलो असतो." आक्कांनी तेच सांगितले. मीही तेच म्हणाले. तिसांपैकी प्रत्येक जण एका दुसऱ्या माणसाची वाट पाहत बसला होता.

त्या बाईने शिवणयंत्राची गोष्ट सांगितली तेव्हा मी तिला हे काही सांगितले नाही. मला सांगवले नाही. पण रात्री झोप आली नाही. आवाहनात काही खोट नव्हती. देशाच्या नव्या पंतप्रधानांचे ते शब्द होते. तरी ते आम्हाला दिंडीपर्यंत नेऊ शकले नाहीत, कारण त्या शब्दांतून आम्हाला शेजाऱ्याचे मन कळत नव्हते. पलीकडच्या वाड्यातले देशमुख किंवा कोपऱ्यावरचे किराणेवाले हेच म्हणत आहेत, एवढे जर त्या क्षणी कळले असते, तर त्या पंधरा पोरांपुढे आम्ही शंभर जण उभे राहिलो असतो. असे मी स्वतःला सांगते. खरे काय ते देव जाणे.

आमचा ट्रान्झिस्टर पुढे दोन वर्षांनी बिघडला. सरदारजींनी तोवर त्याच जागी पुन्हा दुकान थाटले होते. तो दुरुस्तीला कोणी न्यायचा, हे घरात कोणीही बोलले नाही. तो तसाच माळ्यावर पडून राहिला.

आपल्या लोकांनी असा शेजारचा आवाज कधी शोधलाच नाही, असे मात्र नाही. मुंबईत १९९२-९३ च्या दंगलीनंतर धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांनी मोहल्ला समितीच्या कामातून तो शोधला. चार मुलांना हिंदू, मुसलमान, शीख आणि ख्रिस्ती वेशांत उभे करून "हम सब एक हैं" असे भित्तिचित्र त्यांनी काढले. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी या दोघांच्या मैत्रीवर २००३ साली "नाता" नावाचा माहितीपट केला आहे. चित्र साधेच, शाळकरी म्हणावे असे. पण ते लावणारे हात गल्लीतले होते आणि ते कोणाचे आहेत हे सगळ्यांना माहीत होते. नभोवाणीचे म्हणाल तर आपल्याकडे २००६ च्या धोरणाने सामाजिक संस्थांना स्वतःची छोटी केंद्रे काढण्याची परवानगी मिळाली. हैदराबादकडच्या वाचकांना माचनूरचे "संगम रेडिओ" ठाऊक असेल. दलित शेतकरी बायकांनी २००८ पासून ते चालवून दाखवले. अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मात्र मुभा नाही. गल्लीची बातमी ज्या आवाजाने रोज द्यायची नाही, त्या आवाजावर वाईट दिवशी गल्ली विश्वास कसा ठेवील, हा प्रश्न मला किबेराहून परतल्यापासून छळतो.

वाडा आता राहिला नाही. त्या जागी चार मजली इमारत आहे आणि मी दुसऱ्या मजल्यावर राहते. रेडिओ प्रत्येकाच्या खिशात आहे आणि आवाज प्रत्येकाच्या कानात आहे. शेजारी काय ऐकतो, कशावर मान डोलवतो, काय बंद करतो, हे भिंतीपलीकडून काही कळत नाही. मोबाईलवर विषारी मजकूर येतात. वाचून बहुतेकांना ते पटत नसावेत. पण पटत नाही असे कोणी लिहीत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटते की इतरांना पटले असावे. तिसांचा वाडा आता दोनशेंचा झाला आहे, एवढाच फरक.

नैरोबीहून आल्यापासून मी एक सवय लावून घेतली आहे. असा काही मजकूर आला की गुडघे कुरकुरत असले तरी उठते, समोरच्या दाराची घंटा वाजवते आणि विचारते, "अहो, हे तुम्हाला आले का? मला काही हे पटले नाही." पहिल्यांदा समोरच्या सूनबाई गोंधळल्या. मग दार पूर्ण उघडून म्हणाल्या, "काकू, मलाही नाही पटले. मला वाटले, तुम्हा सगळ्यांना पटले असेल."